कुंपणावरची कामिनी आणि बागेतला संत्रा
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाची चर्चा झाली, ज्वारीची झाली, आणि आता संत्र्याच्या रोगावर बोलायचे म्हटल्यावर मागच्या रांगेत चपलांची शोधाशोध सुरू झालेली आम्हाला इथून दिसते आहे. संत्रा वरुड-मोर्शीचा, काटोल-नरखेडचा. कपाशी-ज्वारीवाल्याला त्याच्या रोगाशी काय करायचे आहे, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. शेततळे झाले, विहिरीला होळीपर्यंत पाणी टिकू लागले, की कोरडवाहू माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो दोन एकर संत्र्याचा, नाहीतर मोसंबीचा, लिंबाचा. कापसाने बापाला दिले नाही, आपल्याला दिले नाही, ते बाग देईल असे वाटते. वाटू द्या. काय लावायचे हे ठरवणे शेतकऱ्याचा हक्क आहे, त्यात आडवे येणारे आम्ही कोण? पण कपाशी बुडाली तर एक हंगाम बुडतो, पुढच्या मृगात पुन्हा सरकी टोचता येते. बागेचे तसे नाही. कलम लावल्यापासून पाच-सहा वर्षे खिशातून घालायचे, आणि रोग कलमातूनच आला असेल तर झाड फळाला येण्याच्या वयातच बसते. तेव्हा विहीर, पाइपलाइन आणि सोसायटीचे कर्ज एवढेच शिल्लक राहते. हा रोग नव्या माणसाला आधी मारतो, म्हणून तो नव्या माणसाला आधी सांगायचा.

रोगाचे नाव ग्रीनिंग. चीनमध्ये त्याला हुआंगलोंगबिंग म्हणतात. १९९५ साली शास्त्रज्ञांच्या जागतिक परिषदेने तेच नाव ठरवले. आपल्याकडे संत्र्या-मोसंबीची झाडे शेंड्याकडून वाळत येत, त्याला लोक नुसते शेंडेमर म्हणत. या मरीमागे ग्रीनिंगचा हात असावा, असे ऑस्ट्रेलियाच्या लिलियन फ्रेझर आणि त्यांच्या हिंदुस्थानी सहकाऱ्यांनी १९६६ साली मांडले. हा रोग आपल्या देशात कोणता किडा पसरवतो हे दुसऱ्याच वर्षी, १९६७ साली, कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. हे काम पुण्यात झाले. म्हणजे साठ वर्षे होत आली.

हा जंतू पानात तयार झालेला अन्नरस मुळांकडे नेणाऱ्या नळ्यांत राहतो. नळ्या तुंबतात. पाने जाड होतात, मुळे उपाशी मरतात. पान पिवळे पडते, पण ते कसे पिवळे पडते ते नीट पाहायला हवे. जस्त कमी असेल तर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा सारखा असतो, आरशात पाहावे तसा. ग्रीनिंगमध्ये डावीकडचा डाग उजवीकडच्याशी जुळत नाही. फळ लहान, वाकडे, बी पोचट. चांगले फळ बुडाकडून रंग धरते; हे फळ देठाकडे पिवळे होते आणि बुडाशी हिरवेच राहते. ग्रीनिंग हे नाव त्यावरूनच पडले. मात्र पिवळे झाड दिसले की ग्रीनिंग, असे कुणी समजू नये. डिंक्या असतो, पाणी साचलेले असते, जस्त-लोह कमी असते. नक्की काय ते प्रयोगशाळेत तपासल्यावरच कळते. पण एकदा हा रोग आहे असे ठरले, की झाड बरे करणारे खात्रीचे औषध आजतागायत जगात नाही. असे औषध म्हणून जो कुणी बाटली विकायला येईल त्याला चहा पाजून परत पाठवा.

आता किड्याकडे या, कारण आमचा खरा विषय तिथे आहे. त्याला सायला म्हणतात. तपकिरी रंगाचा, तीन-चार मिलिमीटरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा फार तर. बैल सोडलेली गाडी जशी जू टेकवून मागून वर उभी राहते, तसा हा पानावर डोके खाली आणि मागचा भाग वर करून बसतो. एकदा पाहिला की विसरत नाही. मादी शेकडो अंडी घालते, आठशेपर्यंत. पण घालते ती फक्त कोवळ्या नवतीवर. नवती नसेल तर अंडी नाहीत. पिले नवतीवर वाढतात, पांढऱ्या मेणाचे धागे सोडतात. रोगी झाडावर वाढलेले पिलू मोठे होऊन उडते तेव्हा जंतू बरोबर घेऊन जाते. संत्र्याला वर्षातून ठरावीक वेळा नवती येते, बहाराच्या आगेमागे. मधल्या दिवसांत सायला कुठे राहतो?

कपाशीवाल्याला हा प्रश्न परका नाही. पिठ्या ढेकूण कपाशीवर आला तेव्हा आपण कपाशीवर फवारत होतो आणि तो बांधावरच्या गाजरगवतावर सुखाने नांदत होता. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने आपल्याला रडवले. तेव्हा कळले की ती फरदडीत, घराशेजारी रचलेल्या पऱ्हाटीत आणि जिनिंगच्या आवारात दबा धरून असते. किडीचे घर पिकाबाहेर असते, ही गोष्ट आपण पैसे मोजून शिकलेलो आहोत.

सायलाचे असे एक घर म्हणजे कामिनी. कुणी तिला कुंती म्हणतात. पांढरी सुवासिक फुले, गर्द हिरवी पाने, लाल फळे. तालुक्याच्या बंगल्यांना जी कातरलेली हिरवी कुंपणे असतात त्यांत ती असते. कॉलेजच्या आवारात असते, देवळापुढे असते. दिसायला संत्र्याशी तिचा काही संबंध नाही, पण ती त्याच कुळातली आहे. कढीपत्ता त्याच कुळातला, बेल आणि कवठही त्याच कुळातले. कामिनीच्या कुंपणावरून माळ्याची कात्री फिरली की दहा-पंधरा दिवसांत नवती फुटते, आणि शोभेसाठी कात्री बारा महिने फिरत असते. पाणी आहे, खत आहे, फवारणी नाही. किड्याला याहून चांगला गोठा कोण बांधून देणार?

याचे काय होऊ शकते ते अमेरिकेतल्या फ्लोरिडाने पाहिले आहे. तिथली कथा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

फ्लोरिडा म्हणजे अमेरिकेच्या संत्र्याच्या रसाचे कोठार. १९९८ च्या जूनमध्ये तिथल्या डेलरे बीच या समुद्रकाठच्या गावात सायला पहिल्यांदा सापडला. बागेत नाही, घराच्या अंगणातल्या कामिनीच्या कुंपणावर. किडा होता, रोग तेव्हा सापडला नव्हता. पुढच्या दोन वर्षांत किडा तिथल्या ३१ जिल्ह्यांत पोचला. आता सायला स्वतः उडून इतक्या लवकर एवढे अंतर जात नाही. शोध घेतला तेव्हा वाट दिसली. कामिनी हे तिथे खपाचे शोभेचे झाड. दक्षिणेकडच्या नर्सरीत वाढवायचे, ट्रकमध्ये भरायचे आणि राज्यभरच्या मोठ्या दुकानांत कुंड्या मांडायच्या. कुंडीच्या नवतीवर अंडी आणि पिले. गिऱ्हाईक कुंडी गाडीत घालून घरी नेई आणि अंगणात ठेवी. २००१ साली तर फ्लोरिडाच्या नर्सरीतून आलेल्या कुंड्यांबरोबर हा किडा टेक्सासमध्ये उतरला. संत्र्याच्या कलमावर लोकांची नजर होती. फुलझाडाच्या कुंडीला कोण अडवणार?

मग २००५ च्या ऑगस्टमध्ये मायामीच्या दक्षिणेला पपनसाच्या झाडावर रोग सापडला. या रोगाची खोड अशी की झाडात शिरल्यावर तो महिनोन् महिने, कधी वर्ष-दोन वर्षे, तोंड दाखवत नाही. तोपर्यंत त्या झाडावरचे किडे जंतू घेऊन पुढे जात असतात. म्हणून सापडला तेव्हा तो पसरलेलाच होता. दोन-तीन वर्षांत बहुतेक सगळ्या संत्रा पट्ट्यात गेला. २००३-०४ च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्याच्या २४ कोटी २० लाख पेट्या निघाल्या होत्या, एक पेटी साधारण ४१ किलोची. २०२२-२३ मध्ये निघाल्या १ कोटी ६० लाखांच्या आत. त्या वर्षी चक्रीवादळाचाही मार होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. घरांसाठी जमिनी विकल्या गेल्या, तेही आहे. पण वादळे तिथे पूर्वीही येत आणि बागा पुन्हा उभ्या राहत. ज्या झाडाची मुळेच उपाशी आहेत ते वादळानंतर उठत नाही. रोग आल्यानंतर तिथल्या सरकारने नियम केले: कामिनीचे नाव निर्बंधांच्या यादीत घातले, संत्र्याची कलमे किडा शिरणार नाही अशा जाळीच्या घरातच तयार करायला लावली. नियम चांगले होते. ते १९९८ साली झाले असते तर काय झाले असते, हा प्रश्न त्या शेतकऱ्यांनी विचारला असेलच.

इथे एक गोष्ट बारकाईने समजून घ्यायला हवी, नाहीतर उद्या सकाळी तुमच्यापैकी कुणीतरी कुऱ्हाड घेऊन देवळापुढची कामिनी तोडायला जाईल. किड्याचे घर वेगळे आणि जंतूचे घर वेगळे. कामिनीवर सायला मनसोक्त वाढतो, यात वाद नाही. पण रोगाचा जंतू तिच्यात किती राहतो? ब्राझीलमध्ये आणि फ्लोरिडात शास्त्रज्ञांनी कामिनीची झाडे तपासली. जंतू सापडला, पण थोड्या झाडांत, आणि त्या झाडांतही संत्र्याच्या मानाने फार कमी. काही प्रयोगांत तो आला आणि काही काळाने दिसेनासा झाला. म्हणजे कामिनी ही जंतूची कोठी नाही, किड्याचा पाळणा आहे. रोगाची कोठी म्हणजे रोगी संत्रा, रोगी मोसंबी, परसातले दुर्लक्षित लिंबू. पाळणा आणि कोठी शेजारी-शेजारी आले की धोका पुरा होतो.

कढीपत्त्याचे आणखी वेगळे. सायलाला तो फार आवडतो, पण प्रयोगांत या जंतूने कढीपत्त्यात घर केलेले आढळले नाही. तरीही पाने प्रवास करतात आणि पानांवर किडा प्रवास करतो. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावी हिंदुस्थानातून आलेल्या सामानात तपासणीच्या कुत्र्याने कढीपत्ता हुंगून काढला. पानांवर सायला होते, आणि तपासल्यावर त्या किड्यांत ग्रीनिंगचा जंतू निघाला. कुणी बिचाऱ्याने आमटीच्या फोडणीसाठी नेला असेल. तेव्हा आमच्या मायबहिणींनी परसातला कढीपत्ता उपटायची गरज नाही. मात्र नवी बाग तिथेच लावायची असेल तर त्या झाडाच्या नवतीवर लक्ष ठेवा आणि त्याचे रोप कुठून आणले ते आठवा.

ब्राझीलची वाट थोडी निराळी आहे. संत्र्याच्या रसात ब्राझील जगात पहिला. साओ पाउलो प्रांतात २००४ साली रोग सापडला. तिथे कामिनीला मुर्ता म्हणतात; ती कुंपणालाच नव्हे तर गावोगावच्या रस्त्यांच्या कडेला सावलीसाठी लावलेली. अनेक नगरपालिकांनी ती लावायला बंदी केली. २००८ साली केंद्र सरकारने नियम काढला: दर तीन महिन्यांनी बागेची पाहणी करायची, रोगी झाड उपटायचे, आणि एखाद्या तुकड्यात शंभरात २८ हून जास्त झाडे रोगी निघाली तर सगळा तुकडा काढायचा. ऐकायला सोपे आहे. ज्याची हजार एकर बाग आहे तो चार झाडे उपटतो आणि पुढे चालतो. ज्याची दोन एकर आहे त्याला चाळीस झाडे उपटायला सांगा आणि त्याच्या बायकोच्या तोंडाकडे बघा. तो उपटत नाही. शेजाऱ्याला रोग देतो. आम्ही त्याला दोष देणार नाही. आजचे चार पैसे देणारे झाड उद्याच्या भीतीपोटी कुणी हसत तोडत नाही. २०२४ च्या पाहणीत तिथल्या संत्रा पट्ट्यात शंभरातली ४४ झाडे रोगी निघाली. वीस वर्षांची शिस्त, जाळीतली कलमे, सरकारी नियम, आणि तरीही ४४.

तरी तिथल्या बागायतदारांनी एक काम केले ते आम्हाला पटले. बागेच्या आसपासच्या वस्तीत घरोघर जायचे, परसातले रोगी लिंबू आणि मुर्ता काढू द्या म्हणून विनंती करायची, आणि बदल्यात दुसऱ्या फळाचे किंवा फुलाचे रोप स्वतःच्या पैशाने द्यायचे. कायद्याचा दंडुका उगारून अंगणातले झाड तोडायला गेले की काय होते ते फ्लोरिडाने पाहिले. तिथे कँकर नावाच्या दुसऱ्या रोगापायी सरकारने लोकांच्या अंगणातली निरोगी झाडेसुद्धा तोडली. लोक कोर्टात गेले, भांडणे वर्षानुवर्षे चालली, आणि २००६ च्या जानेवारीत ती मोहीमच गुंडाळावी लागली. एका हाताने रोप देऊन दुसऱ्या हाताने झाड काढणे स्वस्त पडते.

आणखी एक गंमत. या सायलाला खाणारी एक अगदी बारीक गांधीलमाशी आहे, तमारिक्सिया. ती सायलाच्या पिलावर अंडे घालते आणि तिची अळी पिलाला पोखरते. १९२२ साली तिची शास्त्रीय नोंद झाली ती पंजाबातून. अमेरिकेने ही माशी आशियातून नेली. कॅलिफोर्नियाने पाकिस्तानी पंजाबातून नेऊन २०११ पासून शहरातल्या अंगणांत सोडली. आणि ही माशी पिंजऱ्यात हजारोंनी वाढवायची तर आधी सायला वाढवावा लागतो, आणि सायला वाढवायला कढीपत्ता आणि कामिनीच लागते! ज्या झाडाला गुन्हेगार ठरवले तेच औषधाच्या कारखान्यात कामाला. आपल्या मातीत ही माशी आधीपासून आहे. बागेत दर आठवड्याला पंप चालवणारा माणूस तिला सायलाच्या आधी मारतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. महाराष्ट्रात फळांच्या नर्सरीसाठी १९६९ चा कायदा आहे. त्याच्या नावातच फळरोपवाटिका आणि फळझाडांची विक्री आहे. संत्र्याचे कलम विकायला परवाना लागतो. त्याच नर्सरीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, कलमांपासून दहा पावलांवर, कामिनीच्या कुंड्या मांडलेल्या असतात. ते फळझाड नाही, ते शोभेचे. किड्याने हा कायदा वाचलेला नाही. आम्ही इन्स्पेक्टर वाढवा अशी मागणी करणार नाही. एक इन्स्पेक्टर वाढला की कलमाचा भाव पाच रुपयांनी वाढतो आणि रोग तेवढाच राहतो. मागायचे ते गिऱ्हाईक म्हणून मागायचे. दहा गावांनी मिळून एकाच नर्सरीशी बोलणी केली तर नर्सरीवाला ऐकतो. त्याला सांगा: कलमे जाळीच्या घरातली हवीत. डोळकाडी कोणत्या मातृवृक्षाची, ते झाड कधी तपासले, याचा कागद हवा. खुंट जंबेरीचा की रंगपूरचा, ते पावतीवर हवे. आणि ज्याच्या आवारात उघड्यावर कामिनी, कढीपत्ता आणि संत्र्याची कलमे एकत्र दिसतील त्याच्याकडून, चार रुपये स्वस्त असली तरी, घेऊ नका. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमे तयार करतात. मागणी आधी नोंदवावी लागते, रांग असते. पण ज्याला तीस वर्षे बाग ठेवायची आहे त्याने एक वर्ष थांबायला हरकत नसावी.

मातृवृक्षाचा आग्रह का, तेही सांगतो. किडा नसला तरी हा रोग कलमातून जातोच. चीनमध्ये लिन या शास्त्रज्ञाने हे १९५६ सालीच सांगितले होते. रोगी झाडाची एक काडी कापली, तिचे डोळे बांधले, की प्रत्येक डोळ्याबरोबर रोग शेतात उतरण्याचा धोका. त्या रोपांना वर्षभर काही होत नाही. टवटवीत दिसतात. विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

ज्यांनी बाग आधीच लावली आहे त्यांनी नवती फुटायच्या दिवसांत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, जून-जुलैत आणि दिवाळीच्या आसपास, आठवड्यातून एकदा सकाळी बागेत फिरावे. औषधाचा पंप घरी ठेवून जावे. एका हाताने फांदी धरायची, खाली पांढरा कागद किंवा पत्र्याचे झाकण धरायचे, आणि फांदीवर काठीने चार टोले द्यायचे. सायला असेल तर झाकणावर पडतो आणि टुणकन उडतो. बांधाकडच्या ओळीपासून सुरुवात करा. किडा बाहेरून येतो तो कडेच्या झाडांवर आधी बसतो. कुंपणाला कामिनी असेल तर तिच्यावरही चार टोले द्या. काय पडले ते तारखेसह वहीत लिहा.

पत्र्याची चार झाकणे आणि दोन भिंगे आम्ही बरोबर आणली आहेत. जेवणानंतर शाळेच्या फाटकाशी जे कामिनीचे कुंपण आहे तिथे जमायचे आहे. हेडमास्तरांची परवानगी घेतलेली आहे. ज्यांना या वर्षी कलमे घ्यायची आहेत त्यांनी गावाचे नाव आणि कलमांची संख्या टेबलावरच्या वहीत लिहावी, म्हणजे नर्सरीवाल्याशी बोलायला जाताना आपण किती जणांच्या वतीने बोलतो आहोत ते सांगता येईल.